वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनचे वरचे पैसे कशाचे?

कंपनीला किंवा एखाद्या मॉडेलला ५०-६० वर्षं झाली की मोजक्या संख्येत खास स्पोर्ट्‌स कार काढल्या जातात. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. रक्कम मोठी असते आणि अशी गाडी घेतलेला ओळखीचा माणूस नागपुरात सहजासहजी सापडत नाही. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : डीलर सांगून राहिला की जगात फक्त १,९६३ गाड्या निघणार, आज बुक केली तर पाच वर्षांनी किंमत वाढलेलीच मिळेल. साध्या मॉडेलपेक्षा ही ८० लाखांनी महाग पडते. घ्यावी का?
– एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : पाच वर्षांनंतरच्या किमतीचं आश्वासन कोणीही लेखी देत नाही, त्यामुळे ते हिशेबात धरूच नका. आधी ते ८० लाख फोडून बघा.

एकाच दिवशी, एकाच विनिमय दराने दोन कोटेशन मागा. पहिलं अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनचं. दुसरं साध्या मॉडेलचं, पण एडिशनमध्ये जे जे बसवून येतं ते सगळं ऑप्शनच्या यादीतून त्यात घालून : सिरॅमिक ब्रेक, नाक उचलणारी फ्रंट लिफ्ट, स्पोर्ट्‌स एक्झॉस्ट, मॅट्रिक्स हेडलाइट, जास्तीच्या अ‍ॅडजस्टमेंटच्या सीट, खास रंग. बहुतेक वेळा फरकाचा मोठा तुकडा इथेच गळून पडतो, कारण तो एडिशनचा नसतो, सामानाचा असतो. हे सामान तुम्ही एरवीही घेतलं असतं का, हे स्वतःला विचारा. नागपुरात फ्रंट लिफ्ट उपयोगाची आहे. सिमेंट रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्या पातळीत जिथे तिथे फरक असतो, आणि सोसायटीच्या गेटवरचे स्पीड ब्रेकर कोणत्याही मापात नसतात. ट्रॅकवर जाणार नसाल तर सिरॅमिक ब्रेक मात्र चैनच आहे. पुढे डिस्क बदलायची वेळ आली की तो खर्च फार जड जातो, आणि चाक काढता-बसवताना रिमचा धक्का लागून डिस्कचा कोपरा उडू शकतो.

सामान वजा केल्यावर जे उरतं त्यातलं यंत्राचं किती आणि सजावटीचं किती, ते पाहा. पोर्शेच्या ९११ या मॉडेलचीच तीन उदाहरणं घ्या. २०१३ ची ९११ ची ५० वर्षांची आवृत्ती मुळात ४०० पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) कॅरेरा एस होती. तिला चार चाकं ओढणाऱ्या मॉडेलची रुंद बॉडी देऊन मागच्या चाकांची ओढ तशीच ठेवली होती. रुंद बॉडी आणि फक्त मागची ओढ हा मेळ त्या वेळी साध्या यादीत मिळत नव्हता, म्हणून त्या गाडीला स्वतःचं काहीतरी आहे. २०२४ ची ९११ टर्बो ५० इयर्स साध्या टर्बो एस इतक्याच, म्हणजे ६५० पीएसची आहे. तिथले वरचे पैसे रंग, चौकडीचं कापड, बिल्ला आणि बसवून आलेलं सामान यांचे. तिसरी २०२३ ची एसटी, ९११ च्या ६० वर्षांची. हिला जीटी३ आरएसचं ५२५ पीएसचं चार लिटर इंजिन, फक्त सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, हलका क्लच आणि सिंगल मास फ्लायव्हील, कार्बनचे दरवाजे, बोनेट आणि छत आहे. वजन १,३८० किलो. एवढं सगळं नंतर कोणत्याही वर्कशॉपमध्ये बसवून घेता येत नाही. आमच्या मते वरचे पैसे द्यावेत ते अशा गाडीसाठी.

आता कर. पूर्ण तयार होऊन येणाऱ्या आणि ४० हजार डॉलरवरच्या गाडीवर सीमा शुल्काचा एकूण भार ११० टक्के आहे : २०२५ च्या अर्थसंकल्पापासून ७० टक्के मूळ शुल्क आणि ४० टक्के कृषी अधिभार. त्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून सेसशिवाय सरळ लागतो. म्हणजे बंदरावर २७ लाखांचा असलेला फरक शुल्क लागून ५६.७ लाख होतो, जीएसटी लागून ७९.३८ लाख. डीलरचं मार्जिन बाजूला ठेवलं तर तुमच्या ८० लाखांच्या मुळाशी साधारण २७ लाखांचा फरक आहे आणि बाकीचे ५२ लाखांहून जास्त कराचे. आरटीओचा कर मात्र या फरकामुळे वाढत नाही. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के एकरकमी कर असला तरी १ जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख आहे, आणि दीड कोटीच्या गाडीलाच ती गाठली जाते.

या आकडेमोडीतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. परदेशातला संग्राहक ज्या वेगळेपणासाठी २७ लाख मोजतो, त्यासाठी तुम्ही जवळपास तिप्पट मोजता. तिथे तो फरक दीडपट वाढला तरी साडेचाळीस लाख होतो, तुमच्या ८० लाखांच्या आसपासही जात नाही. भारतात पासिंग झालेली गाडी त्या बाजारात नेऊन विकणं व्यवहार्य नाही. तुमचं गिऱ्हाईक भारतातच, आणि तेही बहुतेक मुंबई, दिल्ली, बंगळुरू किंवा हैदराबादचं. ते तुमच्या गाडीची तुलना जुन्या साध्या मॉडेलशी करणार. परदेशी लिलावाचे आकडे दाखवून इथला सौदा पटवला जातो, ही तुलनाच चुकीची आहे.

तरीही घ्यायचं ठरलं तर बुकिंगच्या कागदावर पुढच्या गोष्टी लिहून घ्या : भारतासाठी किती गाड्या आहेत आणि त्यातली तुमची निश्चित झाली आहे की तुम्ही फक्त यादीत आहात, विनिमय दर किंवा शुल्क बदललं तर वाढ कोण सोसणार आणि शुल्क घटलं तर फायदा कोणाचा, रद्द केल्यास बुकिंगची रक्कम किती दिवसांत परत, ठरावीक काळ गाडी विकायची नाही अशी अट आहे का. ही अट नवी नाही. अमेरिकेत एसटीच्या ग्राहकांना पहिलं वर्ष गाडी लीजवर देण्यात आली, हातोहात विक्री थांबावी म्हणून. शुल्काचं कलम विशेष वाचा. व्यापार करारांमुळे गाड्यांवरचं आयात शुल्क हा सध्या हलणारा आकडा आहे. उद्या नवी गाडी स्वस्त झाली तर तुमच्या जुन्या गाडीचा भावही तिच्या मागोमाग उतरतो.

प्रश्न : संख्या कमी असली की किंमत टिकते असं सगळेच म्हणतात. आजवर तसं झालंय का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कधी झालं आहे, कधी अगदी उलट.

उलट झालेलं उदाहरण आधी. १९७८ साली शेव्हरोले कॉर्व्हेटला २५ वर्षं झाली आणि त्याच वर्षी ती इंडियानापोलिस ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांपुढे धावून वेग ठरवणारी गाडी होती. तिची काळ्या-चंदेरी रंगातली प्रतिकृती विक्रीला आली, छापील किंमत सुमारे १३,६५३ डॉलर. लोकांनी ती पुढे सोन्याच्या भावाने जाईल म्हणून घेतली आणि सीटवरचं प्लॅस्टिकही न काढता गॅरेजमध्ये ठेवली. पण गाड्या निघाल्या ६,५०२, आणि आतलं यंत्र साध्या कॉर्व्हेटचंच. सगळ्यांनीच जपून ठेवल्याने पुढे बाजारात न चाललेल्या गाड्यांचीच गर्दी झाली. महागाई धरली तर जपून ठेवणाऱ्यांचा तोटाच झाला.

लॅम्बोर्गिनीने १९८८ मध्ये कंपनीच्या २५ वर्षांनिमित्त काउंटॅक २५ आणली. साडेसहाशेच्या वर बनल्या, म्हणजे काउंटॅकची सगळ्यात जास्त संख्येने निघालेली आवृत्ती हीच. आज संग्राहक तिच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या एलपी४०० ला देतात. ती सुमारे दीडशेच निघाली आणि मूळ आकार तिचा आहे.

आता दुसरी बाजू. फेरारी एफ४० ही १९८७ ची, कंपनीच्या ४० वर्षांची गाडी. सुरुवातीला ४०० बनवायच्या ठरल्या होत्या, शेवटी तेराशेच्या वर गेल्या. संख्येचा नियम खरा असता तर भाव पडायला हवा होता. तरी आज ती २० लाख डॉलरच्या वर जाते. कारण ती कोणत्याही साध्या मॉडेलवर बिल्ला लावून केलेली नव्हती. दोन टर्बो असलेलं व्ही८ इंजिन, ४७८ पीएस, कार्बन आणि केव्हलारचे पत्रे, आत गालिचासुद्धा नाही. एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली ही शेवटची फेरारी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये ते गेले.

आणखी एक गोष्ट पाहा : संख्या कुठून येते? ९११ पहिल्यांदा १९६३ ला दाखवली गेली म्हणून २००३, २०१३ आणि २०२३ या तिन्ही वेळेला १,९६३. टर्बो १९७४ ची म्हणून १,९७४. फोर्ड मस्टँगच्या ६० वर्षांची आवृत्ती १,९६५. २०२१ ची नवी काउंटॅक ११२, कारण मूळ गाडीच्या प्रकल्पाचं नाव एलपी११२ होतं. हे आकडे सनावळीतून आणि फायलींच्या नावांतून काढलेले आहेत. गिऱ्हाईक किती, याच्याशी त्यांचा संबंध नाही. फेरारीने एफ५० च्या वेळी मात्र बाजारात जितक्या खपतील असं वाटलं त्यापेक्षा एक कमी, अशा हिशेबाने ३४९ बनवल्या. कमतरता म्हणतात ती अशी. शिवाय एका आवृत्तीत सगळं संपत नाही. लॅम्बोर्गिनीच्या ६० वर्षांच्या निमित्ताने २०२३ मध्ये हुराकान या एकाच मॉडेलच्या तीन खास आवृत्त्या आल्या, प्रत्येकी ६०.

म्हणून जगातली संख्या विचारून थांबू नका. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या किती आणि त्यातल्या भारतात किती, हे विचारा. आणि ही गाडी कशाची तरी शेवटची आहे का, तेही बघा : शेवटचं मॅन्युअल, शेवटचं टर्बोविना इंजिन, शेवटचं व्ही१२. भाव धरून ठेवण्यात वर्धापनदिनापेक्षा या ‘शेवटच्या’चा हात मोठा असतो.

प्रश्न : अशी गाडी नफ्यात विकली तर आयकर लागतो का? आणि घेताना कापलेला १ टक्का परत मिळतो का?
– एक वाचक, सदर

उत्तर : स्वतःच्या वापराची गाडी ही आयकराच्या भाषेत वैयक्तिक वापराची वस्तू आहे, भांडवली मालमत्ता नाही. त्यामुळे नफ्यावर भांडवली लाभ कर नाही आणि तोटा झाला तर वजावटही नाही. पण गाडी कधी चालवलीच नाही, केवळ गुंतवणूक म्हणून ठेवली, तर ‘वैयक्तिक वापर’ सिद्ध करणं अवघड जातं. व्यवसायाच्या नावाने घेऊन घसारा लावला असेल तर नियम पूर्ण वेगळे. दोन्ही ठिकाणी आधी सीएचा सल्ला घ्या. १० लाखांवरच्या गाडीवरचा १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच डीलरने गोळा केलेला कर, हा वेगळा कर नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, पॅनवरच्या वार्षिक कर-तपशिलात दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. डीलरने पॅन बरोबर टाकला आहे ना, तेवढं पाहा.

प्रश्न : बंगळुरूच्या दलालाकडे चार वर्षं जुनी लिमिटेड एडिशन कूपे आहे. डॅशबोर्डवर नंबरची पाटी आहे. साध्या गाडीपेक्षा ३० लाख जास्त मागून राहिला. खरी आहे हे कसं ओळखावं?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : पाटीवरून ओळखू नका. ती दोन स्क्रूंवर किंवा चिकटपट्टीवर असते आणि तशीच बनवून मिळते. बिल्ल्यांचंही तेच. बीएमडब्ल्यूच्या एम या स्पोर्टी गाड्यांच्या विभागाला २०२२ मध्ये ५० वर्षं झाली तेव्हाचा जुन्या धाटणीचा बिल्ला खास आवृत्तीबाहेरच्या गाड्यांवरही लावून मिळत होता. त्यामुळे तो दिसला की खास आवृत्तीच, असं नाही.

खरी ओळख १७ अक्षरी चेसिस नंबरची. तो काचेखाली, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि बॉडीवर कोरलेला असा तीन ठिकाणी वाचा. आरसी, विमा आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळचा कस्टम्सचा कागद, यांच्याशी जुळवा. मग त्या ब्रँडच्या अधिकृत डीलरकडून नंबर टाकून गाडी कारखान्यातून कोणत्या ऑप्शनसह निघाली, ती यादी काढून घ्या. एडिशनचा स्वतंत्र कोड त्यात असतो. रंगाचा कोडही तपासा. विकणारा ‘यादी मिळत नाही’ म्हणाला तर डीलरकडे तुम्ही स्वतः चौकशी करा. तिथूनही दुजोरा आला नाही तर ३० लाख जास्त देण्याचं कारण उरत नाही, गाडी साध्या भावाचीच.

बिल ऑफ एंट्री नसेल तर सौदा तिथेच थांबवा. कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता आणायच्या परवान्यावर, तात्पुरत्या आणलेल्या आणि परत न गेलेल्या, किंवा शेजारच्या देशातून शुल्क चुकवून आणलेल्या गाड्यांची प्रकरणं अधूनमधून उघडकीला येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कस्टम्सने केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर मोठी कारवाई केली. अशी गाडी जप्त झाली की नंतर घेणाऱ्याचेही पैसे बुडतात.

बॉडीची तपासणी पेंटच्या जाडीच्या मीटरने करा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला, ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा. दोन ठिकाणी फसगत होते. गाडीवर पीपीएफची, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म असेल तर तिचेच दीडशे-दोनशे मायक्रॉन वाढतात. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर फक्त लोखंड ओळखणारा मीटर चालत नाही, दोन्ही धातू वाचणारा लागतो; कार्बन आणि प्लॅस्टिकवर तर अल्ट्रासॉनिकच. खास आवृत्तीत हे महत्त्वाचं, कारण तिचा रंग अनेकदा मॅट किंवा तीन थरांचा असतो. एक फेंडर रंगवला तर शेजारच्या दाराशी छटा जुळत नाही, आणि मॅटला पॉलिश करून दोष लपवता येत नाही. भर उन्हात नको, सकाळी सावलीत तिरक्या नजरेने पाहा.

टायरवर ब्रँडची मान्यताखूण असते : पोर्शेसाठी एन आणि पुढे अंक, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडी ६,००० किलोमीटर चालली असं मीटर म्हणतो आणि चारही टायर बदललेले असतील तर का बदलले ते विचारा. कॉम्प्युटर लावून इंजिन किती तास चाललं आणि मर्यादेपलीकडचे आरपीएम किती वेळा झाले, ही नोंद काढता येणाऱ्या गाड्यांमध्ये ती काढूनच घ्या. ट्रॅकवर पिटलेली गाडी तिथे उघडी पडते. मूळ दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक, एडिशनसोबत आलेली पेटी, कव्हर, पुस्तिका हेही मोजा. यातली एखादी वस्तू गहाळ असली तर पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमचं गिऱ्हाईक तिचेच पैसे कापेल.

कागद : कर्नाटकातल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलासाठी २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र, इथे नवा नंबर घ्यायला २७. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागतो. कर्नाटकात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा तिथल्या कार्यालयाकडून मागायचा असतो आणि त्यासाठी आधीच्या मालकाची सही लागते. ती सही सौद्याच्या दिवशीच घ्या, नंतर माणूस फोन उचलत नाही. महाराष्ट्राचा कर आणि फ्लॅटबेडने गाडी आणण्याचा खर्च त्या ३० लाखांत मिळवा, मग भाव करा.

प्रश्न : विमा कंपनी एडिशनची जास्तीची किंमत धरते का? २०२३ च्या पुरात आमच्या भागातल्या तळघरांतल्या गाड्या बुडाल्या, म्हणून विचारतोय.
– एक वाचक, अंबाझरी लेआउट

उत्तर : गाडीच्या कंपनीने छापलेल्या किमतीपुरती धरते, बाजारात चढलेली धरत नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, काढताना छापील किमतीतून वयाप्रमाणे वजावट होते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. त्यापुढे विमा कंपनी आणि तुम्ही, दोघांच्या संमतीने. म्हणजे बाजारात भाव टिकून राहिलेली गाडी चौथ्या वर्षी गेली तर हातात येणारी रक्कम ६० टक्क्यांची. ठरलेल्या किमतीची पॉलिसी ही सोय विंटेज गाड्यांसाठी आहे, चार-पाच वर्षांच्या गाडीला ती मिळत नाही. पहिली काही वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस हे अ‍ॅड-ऑन घ्या. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम मिळते, आणि पॉलिसीत तसं लिहिलं असेल तर आरटीओचा करही.

नेहमीची चूक व्हेरिएंटच्या नावात होते. विमा कंपनीच्या यादीत खास आवृत्तीचं नाव नसतं आणि एजंट जवळचं साधं मॉडेल निवडून मोकळा होतो. मग आयडीव्ही साध्या गाडीची लागते आणि दाव्याच्या वेळी तीच पकडून धरतात. पॉलिसीवर एडिशनचं पूर्ण नाव छापून घ्या, सोबत बिलाची प्रत मेलने पाठवून पोच ठेवा. आरसीवरही नाव तेच आलं आहे का, बघा.

झिरो डेप, म्हणजे दाव्यात भागांचा घसारा न कापण्याची सोय, लागतंच. त्याशिवाय रबर, प्लॅस्टिक, बॅटरीच्या भागांना ५० टक्के आणि फायबरग्लासला ३० टक्के कापतात. कार्बनच्या भागांसाठी कंपनी कोणता दर लावणार, हे पॉलिसी घेण्याआधी लेखी विचारा; अशा गाडीत सगळ्यात महाग तुटणारी वस्तू तीच.

पुराबद्दल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी नुकसानाचे दोन भाग पडतात. पाण्याने सीट, वायरिंग, मॉड्यूल खराब झाली तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत दावा बसतो. पण पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑनशिवाय तो दावा नाकारतात. म्हणून बुडालेल्या गाडीचं बटण दाबायचं नाही, इग्निशनही नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, फ्लॅटबेडने उचला. आणि पावसाळ्याचे चार महिने अशी गाडी तळघरात ठेवू नका. स्टिल्टवर किंवा वरच्या मजल्याच्या पार्किंगला जागा मागून घ्या. वर्षाच्या भाड्याचा खर्च एका ईसीयूपेक्षा (गाडीच्या कॉम्प्युटरपेक्षा) कमीच येईल.

प्रश्न : गाडी झाकूनच ठेवायची आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : झाकून ठेवा, पण बंद ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पहाटे बाहेर काढा आणि इंजिन ऑइल ८०-९० अंशांवर येऊन निदान वीस मिनिटं तिथे राहील एवढी चालवा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त जातं, ते न जळता ऑइलमध्ये उतरतं आणि एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी उडून जात नाही. समृद्धीवर न्यायची असेल तर टायरमधली हवा घरून निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. गरम झाल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली तर टायरची बाजू जास्त दबते, तापते आणि फुटण्याचा धोका तिथून सुरू होतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांच्या उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर ही चूक महागात पडते. कारसाठी तिथली मर्यादा ताशी १२० आहे.

बॅटरी अलार्म आणि ट्रॅकरमुळे तीन-चार आठवड्यांत उतरते. मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवा, पण आधी बॅटरीचा प्रकार पाहा. हलक्या आवृत्त्यांमध्ये लिथियमची बॅटरी असते आणि तिला लिथियमचाच चार्जर लागतो. साध्या चार्जरचा डिसल्फेशन मोड तिला मारतो. ती पूर्ण उतरली तर बहुतेकदा बदलावीच लागते.

पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. टाकी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत ते पेट्रोल संपवून नवं भरा. ऑक्टेन किती हवं ते झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, त्याखालचं नको.

टायर एकाच जागी दबून चपटे होतात. उभी ठेवताना दाब नेहमीपेक्षा अर्धा बार वाढवा आणि निघण्यापूर्वी परत कमी करा. पार्किंग ब्रेक लावून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात, विशेषतः धुतल्यावर लगेच उभी केली तर. ब्रेक आपोआप लागत असेल तर तो कसा सोडवायचा हे पुस्तिकेत पाहा आणि चाकांना ठोकळे लावा. कव्हर हवा खेळणारं कापडाचं घ्या, प्लॅस्टिकचं नाही. सीटवरची कारखान्याची प्लॅस्टिकंही काढा, त्यांच्याखाली पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर जातं, डॅशबोर्डचं चामडं आकसतं आणि काचेच्या कडेला सुटतं. तेच चामडं पुन्हा मढवलं की मूळपणा गेला, आणि एडिशनला भाव मूळपणाचाच असतो.

उंदरांचाही बंदोबस्त करा. वायरिंगची हार्नेस एका जागी कुरतडली तरी जोड न देता पूर्ण बदलायला सांगतात, आणि मर्यादित आवृत्तीच्या भागांना महिने लागू शकतात. बोनेटखाली दर आठवड्याला टॉर्च मारून बघा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. नेहमी तिथेच घर करतात.